निजामाची प्रजा, वऱ्हाडचे मतदार

1937 च्या निवडणुकीत अकोट, दर्यापूर, मोर्शी किंवा बाळापूरच्या मतदान केंद्रावर उभा राहिलेला वऱ्हाडी शेतकरी कायद्याच्या लेखी मोठा चमत्कारिक माणूस होता. शेतसारा तो नागपूरच्या सरकारकडे भरत होता. त्या सरकारचा गव्हर्नर लंडनच्या सम्राटाने नेमलेला होता. आणि ज्या पऱ्हाटीच्या जोरावर तो मतदार झाला ती ज्या मातीत उगवली, त्या मातीचा मालक राजा हैदराबादचा निजाम होता. 1935 च्या भारत सरकार कायद्याचे 47 वे कलम मुद्दाम वऱ्हाडासाठी लिहिलेले आहे. वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचे आहे हे ते आरंभीच मान्य करते, ते तसेच चालू राहील असेही म्हणते, आणि तरीही हा मुलुख मध्यप्रांताशी जोडून एकच प्रांत समजावा असे ठरवते. सम्राटाच्या प्रजेला जे हक्क, तेच वऱ्हाडातल्या निजामाच्या प्रजेला. अपवाद एकच: राजनिष्ठेच्या शपथेपुरते हे दोघे एक समजू नयेत.

म्हणजे एका माणसावर दोन राजे, आणि त्याच माणसाच्या हातात एक मत. राजेशाही आणि लोकशाही यांची तुलना आपण नेहमी चांगला राजा आणि वाईट पुढारी यांची नावे घेऊन करतो. ती कधीच संपत नाही, कारण दोन्हीकडे नावांचा तुटवडा नाही. वऱ्हाडचा इतिहास वाचताना मला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटत आला आहे. हा मुलुख कोणाच्या हवाली करायचा हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता, आणि ते ठरताना इथे राहणाऱ्या माणसाला कोणी विचारले का?

सुरुवात नरनाळ्यापासून करावी लागते. सातपुड्याच्या कडेवर, आजच्या अकोट तालुक्यात हा किल्ला आहे. 1490 च्या सुमारास बहमनी राज्य फुटले आणि अचलपुरात इमादशाही उभी राहिली. वऱ्हाडला स्वतःचा, वऱ्हाडातच राहणारा राजा मिळाला. तिसऱ्या-चौथ्या पिढीत गादी बुऱ्हाण इमादशाह या लहान मुलाकडे आली. त्याचा वजीर तुफालखान याने मुलाला नरनाळ्यावर कैद केले आणि कारभार स्वतःकडे घेतला. अहमदनगरचा मुर्तजा निजामशाह फौज घेऊन आला तो या पोरक्या राजाला सोडवतो असे सांगत. 1574 साली नरनाळा पडला, आणि मुर्तजाने वजिराबरोबर त्या राजालाही कैद केले. दोघेही कैदेतच मेले. वऱ्हाड अहमदनगरचे झाले. बावीस वर्षांनी, 1596 मध्ये, अहमदनगर वाचवण्यासाठी चांदबिबीने तेच वऱ्हाड मोगलांना देऊन टाकले. चांदबिबीच्या शौर्याबद्दल शंका नाही. पण राजधानी वाचवायला एक सुभा देऊन टाकता येतो, हे त्या काळी कोणालाही खटकले नाही.

पुढे 1724 साली बुलढाण्याच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाला हरवले आणि हैदराबादची आसफजाही उभी राहिली. तिचा पाया वऱ्हाडच्या भूमीवरच्या लढाईत घातला गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा हक्क आला आणि दुअमली सुरू झाली. एकाच गावात निजामाचाही अंमलदार आणि भोसल्यांचाही, दोघांचा वाटा एकाच खळ्यातून. 29 नोव्हेंबर 1803 रोजी तेल्हाऱ्याजवळच्या अडगावला वेलस्लीने भोसल्यांचा पराभव केला. 15 डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला, आणि दोनच दिवसांत देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलुख भोसल्यांनी सोडला, तो कंपनीने निजामाला दिला. नरनाळा आणि गाविलगड मात्र काही काळ भोसल्यांकडेच राहिले.

दुअमली गेली, पण रयतेचे दिवस फिरले नाहीत. निजामाच्या दरबाराला पैशाची निकड कायमची होती. महसूल वसूल करण्यापेक्षा तो मक्त्याने देणे सोपे होते. पूरणमल सावकार आणि नंतर पेस्तनजींची पेढी यांच्याकडे परगणेच्या परगणे गहाण पडले. पेस्तनजींच्या पेढीने वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईला पोहोचवला आणि त्या व्यापाराची सुरुवात केली, हे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण मक्तेदाराला मुदत असते. पुढच्या साली हा परगणा आपल्याकडे राहील की नाही याची खात्री नसली की तो यंदाच सारे खरवडून घेतो. गावे ओस पडण्याची कारणे शोधायला दुष्काळापर्यंत जायला नको.

मग आले 1853. हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा खर्च निजामाच्या डोक्यावर होता आणि तो थकत गेला होता. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा, आणि पगाराची बाकी मात्र निजामाकडे. 21 मे 1853 च्या तहाने निजाम नासिरुद्दौला याने त्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे भाग कंपनीच्या कारभारात दिले. सार्वभौमत्व त्याचे, कारभार कंपनीचा, आणि शिल्लक उरली तर ती त्याला परत.

इथे थोडे थांबायला हवे, कारण पुढच्या शंभर वर्षांचा फरक या एका कागदात दडला आहे. 1857 मध्ये हैदराबाद कंपनीच्या बाजूने राहिले. त्याचे बक्षीस म्हणून 1860 च्या तहात 50 लाखांचे कर्ज माफ झाले, आणि धाराशिव व रायचूर दुआब निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. एकाच तहाने दिलेल्या दोन मराठी मुलुखांपैकी धाराशिव सात वर्षांनी दरबारात परतला आणि वऱ्हाड रेसिडेंटच्या हाताखाली राहिला. धाराशिवकरांनी असे काय केले होते की त्यांना परत जावे लागावे, आणि अमरावतीकरांनी असे काय केले होते की त्यांना राहावे लागावे? काहीच नाही. दोघांनाही कोणी विचारले नव्हते.

वऱ्हाड इंग्रजांना का हवा होता हे लवकरच दिसले. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस बंद झाला, आणि भाव चढले. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड, ही म्हण त्या भावांच्या काळात ज्याच्या त्याच्या तोंडी असली तर नवल नाही. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी झाली आणि रयतवारी आली. रेल्वे अकोल्यावरून बडनेऱ्याला पोहोचली. खामगावला 1870 मध्ये आणि अमरावतीला त्याच सुमारास फाटे निघाले. दिवाण सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावे म्हणून वर्षानुवर्षे अर्ज केले, 1876 साली तो विलायतेलाही गेला. त्याची बाजू न्यायाची होती: फौजेचा खर्च रोख देतो, मुलुख परत करा. इंग्रजांनी ऐकले नाही. सालारजंग हैदराबादच्या सर्वांत कर्तबगार माणसांपैकी एक होता. पण त्याच्याही अर्जात वऱ्हाडचा माणूस कुठे नाही. आहे तो धन्याचा हक्क.

वऱ्हाडचा माणूस दिसू लागतो तो 1897 मध्ये. डिसेंबरात काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. सर शंकरन नायर अध्यक्ष होते, आणि स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे, ज्यांना लोक वऱ्हाडचे नबाब म्हणत. टिळक त्या वेळी तुरुंगात होते. पुणे प्लेगने आणि दडपशाहीने गांजले होते. अशा वर्षी ही सभा जिथे भरली ती भूमी कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतीच. ती निजामाची, कंपनीकडून राणीकडे आलेली अमानत होती. रघुनाथराव मुधोळकर, मोरोपंत जोशी, खापर्डे ही वकील मंडळी या पेचातून वाट काढायला शिकली होती. त्यांची राजकारणाची शाळा म्हणजे 1880 च्या दशकात आलेल्या नगरपालिका आणि ग्रामीण बोर्डे. अधिकार थोडे, पैसा त्याहून थोडा. पण नळाच्या पाण्यासाठी आणि शाळेच्या खोलीसाठी भांडायची सवय तिथेच लागली. मुधोळकर पुढे 1912 च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या डोक्यावरून मात्र सौदे चालूच होते. 30 मार्च 1902 रोजी हैदराबादला लॉर्ड कर्झन आणि निजाम महबूब अलीखान यांची खासगी भेट झाली. महबूब अली वयाची तीन वर्षे पुरी होण्याआधीच गादीवर बसलेला, मृदू स्वभावाचा, रयतेत प्रिय राजा. कर्झनचा हट्ट सर्वश्रुत. खोलीतून बाहेर येताना वऱ्हाडचा निकाल लागला होता. 5 नोव्हेंबरच्या करारावर सही झाली: वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या भाडेपट्ट्याने, वर्षाला 25 लाख रुपये. पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताला जोडला गेला. अमरावतीच्या कचेरीतल्या कागदांचा वरचा पत्ता हैदराबादच्या रेसिडेन्सीऐवजी नागपूरचा झाला. बंद दाराआड दोन माणसे बसली आणि सहा जिल्हे पंचवीस लाखांत गेले. राजा प्रेमळ होता म्हणून हे टळले नाही. उलट, त्याच्या मृदू स्वभावाचा फायदा घेता आला म्हणूनच ते इतक्या सहज झाले.

महबूब अलीचा मुलगा उस्मान अलीखान याला ही सही सलत होती. 25 ऑक्टोबर 1923 रोजी त्याने व्हाइसरॉय रेडिंगला लांबलचक पत्र लिहून वऱ्हाड परत मागितला. या पत्रात एक गोष्ट नवी होती, आणि या साऱ्या कथेत मला ती फार महत्त्वाची वाटते. वऱ्हाड परत मिळाला तर तिथल्या लोकांना सनद देऊ, अंतर्गत स्वायत्तता देऊ, घटनेने बांधलेला गव्हर्नर नेमू, असे त्याने मान्य केले. आपल्या औरंगाबाद-परभणीच्या प्रजेला जे त्याने दिले नव्हते, ते वऱ्हाडला देण्याची तयारी दाखवली. का? कारण 1920 नंतर वऱ्हाडचे प्रतिनिधी नागपूरच्या कौन्सिलात बसत होते. तिथेही कायद्याची गंमत होतीच: वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नसल्यामुळे लोकांनी निवडलेल्या माणसांना सरकार पुन्हा कागदोपत्री नेमत असे. पण मतपेटी आली होती. एकदा मत दिलेल्या माणसाला सनदेशिवाय परत मागता येत नाही, हे हैदराबादच्या राजवाड्यालाही कळले होते.

27 मार्च 1926 रोजी रेडिंगने उत्तर दिले. सम्राटाची सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करता येत नाही, असा त्याचा आशय. देशभरच्या संस्थानिकांना हे पत्र झोंबले. वऱ्हाडच्या माणसाने त्यात आपले नाव शोधले असते तर त्याची निराशा झाली असती. नकाराचे कारण वऱ्हाडचे लोकमत हे नव्हते. मोठ्या राजाने लहान राजाला जागा दाखवली होती, इतकेच.

त्याच सुमारास अमरावतीत एक वेगळा प्रश्न उभा राहिला, आणि तो विचारल्याशिवाय लोकशाहीची बाजू घेणे मला अप्रामाणिक वाटेल. 13 नोव्हेंबर 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडच्या अस्पृश्य समाजाची परिषद अमरावतीला भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. शहर काँग्रेसचे, वकिलांचे, कौन्सिलरांचे. स्वराज्यावर बोलणाऱ्यांची तिथे वाण नव्हती. आणि त्या शहराच्या ग्रामदेवतेच्या दारात आपल्याच माणसांना उभे राहू द्यायचे की नाही, यावर चर्चा करावी लागत होती. सार्वभौम कोण, निजाम की सम्राट, हा वाद त्या दाराबाहेरच्या माणसाच्या लेखी कवडीमोलाचा होता. त्याच्यावर तिसऱ्याच कोणाचे तरी राज्य चालू होते.

पापळच्या शेतकरी कुटुंबातून विलायतेपर्यंत जाऊन बॅरिस्टर होऊन आणि डॉक्टरेट मिळवून आलेले पंजाबराव देशमुख या मंदिरप्रवेशाच्या बाजूने उभे राहिले. 1928 साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. जिल्हा कौन्सिल म्हणजे सत्तेच्या उतरंडीतले अगदी खालचे मडके. पण पाणी तिथेच होते. 1930 मध्ये ते प्रांताचे मंत्री झाले. 1932 साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. 1933 चा कर्ज लवाद कायदा त्यांच्या काळातला. सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्यासाठी कायदा करावा असे कोणत्याही सुभेदाराला यापूर्वी वाटले नव्हते, कारण कोणत्याही सुभेदाराला त्या शेतकऱ्याच्या दारात मत मागायला जायचे नव्हते.

दरम्यान राजवाड्याला कागदी समाधान मिळाले. 24 ऑक्टोबर 1936 च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले. त्याच्या थोरल्या मुलाला, आझमजाहला, 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. वऱ्हाडचा युवराज, पण वऱ्हाडवर एक दिवसही राज्य न केलेला. त्याची बेगम दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. त्या खलिफाला 1922 मध्ये अंकाराच्या राष्ट्रीय सभेने निवडले होते आणि 3 मार्च 1924 रोजी त्याच सभेने खिलाफत रद्द करून त्याला देशाबाहेर पाठवले होते. लेकीचे लग्न 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात झाले, परागंदा बापाच्या घरी. पुढे 1954 साली उस्मान अलीने आझमजाहला डावलून नातू मुकर्रमजाहला वारस नेमले. युवराजाने काय करावे? दाद मागायला त्याला जागा नव्हती. राजेशाहीत प्रजेला तर कोणी विचारत नाहीच, वारसालाही विचारत नाही.

याउलट जुलै 1938 पाहा. मध्यप्रांत-वऱ्हाडचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांचे सहकाऱ्यांशी बिनसले. त्यांनी राजीनामा दिला, वऱ्हाडचे दोन मंत्री गोळे आणि रामराव देशमुख त्यांच्याबरोबर गेले, बाकीच्यांना गव्हर्नरने काढले, नवे मंत्रिमंडळ आले, काँग्रेसश्रेष्ठींनी ते मोडले आणि महिना संपण्याच्या आत रविशंकर शुक्ल पंतप्रधान झाले. या प्रकरणात कोणाचेच वागणे निर्मळ नव्हते. श्रेष्ठींनी प्रांताचा मुख्य माणूस दिल्ली-वर्ध्याहून बदलावा, हे मला आजही पटत नाही. पण खरे जिवंत राहिले, बोलत राहिले, लिहीत राहिले, आपली बाजू मांडत राहिले. नरनाळ्यावर कोंडलेल्या बुऱ्हाण इमादशाहाला हे भाग्य नव्हते.

मताचा हक्कही अपुरा होता, हे सांगायलाच हवे. 1937 चा मतदार म्हणजे सारा भरणारा, घर असलेला, शिकलेला. दर्यापूरच्या काळ्या रानात दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला मत नव्हते. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार तीन कोटींच्या आसपास होते. पण पैनगंगा ओलांडून नांदेडला किंवा 1860 साली परत दिलेल्या धाराशिवला गेले तर तेवढेही नव्हते. तिथे 1938 साली स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली. कचेरीची भाषा उर्दू. सभेला परवानगी हवी.

1947 मध्ये दोन बैठका झाल्या. दिल्लीत हैदराबादच्या शिष्टमंडळाने माउंटबॅटनपुढे वऱ्हाड परत मिळण्याचा मुद्दा मांडला; इंग्रज जाणार, तर भाडेपट्टाही गेला, असा त्यांचा युक्तिवाद. कायद्याच्या अंगाने तो हास्यास्पद नव्हता. आणि अकोल्यात 8 ऑगस्टला शंकरराव देव, ब्रिजलाल बियाणी प्रभृती मंडळी वऱ्हाड-नागपूरने संयुक्त महाराष्ट्रात कोणत्या अटींवर जावे यावर बसली आणि अकोला करार झाला. या करारावर नंतर पुष्कळ वाद झाले. तरी पहिल्यांदाच वऱ्हाडचे भवितव्य वऱ्हाडच्या गावात, वऱ्हाडच्या माणसांच्या तोंडून ठरू पाहत होते. दिल्लीतला मुद्दा पुढे सरकला नाही. 29 नोव्हेंबरच्या 'जैसे थे' करारानंतरही वऱ्हाड होता तिथेच राहिला.

उलट वाहतूक सुरू झाली. यवतमाळ जिल्ह्यातले उमरखेड हे हैदराबादच्या स्वातंत्र्यसैनिकांचे ठाणे बनले. 30 जानेवारी 1948 रोजी उमरीची बँक लुटून त्यांनी ती रक्कम पैनगंगेपलीकडे इथेच आणली आणि लढ्याच्या खजिन्यात जमा केली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी निजामाने कर्जापोटी दिलेला मुलुख आता निजामाच्या प्रजेला आसरा देत होता. 17 सप्टेंबरला हैदराबाद पडले.

1951-52 मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा कापूस वेचणाऱ्या बाईलाही मत होते, आणि धाराशिवच्या माणसालाही. अमरावतीने पंजाबरावांना लोकसभेत पाठवले आणि ते देशाचे कृषिमंत्री झाले. निजाम अजून राजप्रमुख होता. 1 नोव्हेंबर 1956 ला ते पदही गेले. त्याच दिवशी वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. फाजलअली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, ती संसदेने मानली नाही. म्हणजे लोकांचे म्हणणे पुन्हा डावलले गेले, असे मानणारे वऱ्हाडात तेव्हाही होते आणि आजही आहेत. त्यांच्या बाजूने लोकनायक बापूजी अणे उभे राहिले. ऐंशीच्या घरातले हे यवतमाळचे पुढारी 1962 मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून निवडून आले आणि लोकसभेत बसले.

वऱ्हाडच्या उत्पन्नातून दुसरीकडचे खर्च भागतात, ही तक्रार सालारजंगाच्या काळापासूनची आहे. कधी शिल्लक हैदराबादला जायची, कधी मध्यप्रांताच्या तिजोरीत. महाराष्ट्र झाल्यावर तिला अनुशेष हे नाव मिळाले. 1983 मध्ये प्रा. वि. म. दांडेकरांची समिती नेमली गेली. पुढच्या वर्षीच्या अहवालात जिल्ह्याजिल्ह्याची तूट पहिल्यांदा मोजून मांडली गेली: रस्ते, शाळा, वीज, सिंचन. 1994 साली राज्यघटनेच्या 371(2) कलमाखाली वैधानिक विकास मंडळे आली. 30 एप्रिल 2020 रोजी त्यांची मुदत संपली, तेव्हा सिंचनाचा अनुशेष ज्या जिल्ह्यांत शिल्लक होता ते होते अमरावती, अकोला, बुलढाणा आणि वाशीम.